फर्लो, पॅरोल आणि सुटकेची तयारी : पार्श्वभूमी

फर्लोवर गेलेला बंदी वेळेत परतला नाही, तरी बातमीचा मथळा बहुतेक वेळा ‘पॅरोलवरून फरार’ असाच येतो. दोन्ही तुरुंगातून मिळणाऱ्या रजाच, दोन्हींत माणूस काही दिवस घरी जातो, म्हणून हा घोळ खपून जातो. पण महाराष्ट्रात सुटकेनंतरच्या आयुष्याची तयारी प्रत्यक्षात होते ती बरीचशी या रजांमधून, आणि या घोळाची किंमत बंद्यांनी मोजली आहे.

१८९४ च्या कारागृह कायद्याचा सगळा भर शिस्तीवर आणि बंदोबस्तावर होता. बंद्याला सुधारून बाहेर पाठवणे हेही तुरुंगाचे काम आहे, असे देशपातळीवर पहिल्यांदा नीट मांडले ते १९१९-२० च्या चौकशी समितीने. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची १९३९ ची कहाणी ‘दो आँखें बारह हाथ’ या सिनेमामुळे सर्वांना ठाऊक आहे. औंध संस्थानाने तिथे भिंतींशिवाय वसाहत उभी केली, आणि बंदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले, एवढी आठवण इथे पुरे.

महाराष्ट्रातले रजेचे मूळ नियम १९५९ चे. फर्लोला सरकारी मराठीत ‘संचित रजा’ म्हणतात आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’. ज्याने हे शब्द योजले त्याला विषय नेमका कळला होता. संचित म्हणजे साठवलेली. शिक्षेची ठरावीक मुदत भोगून, वागणूक नीट ठेवून बंदी ती मिळवतो. ती मागताना कारण द्यावे लागत नाही, आणि रजेचे दिवस शिक्षेतच धरले जातात. अभिवचन म्हणजे दिलेला शब्द. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही तोच. घरातले मरण, लग्न, जवळच्या माणसाचे गंभीर आजारपण असे कारण दाखवून, परत येईन असे वचन देऊन बंदी बाहेर जातो, आणि ते दिवस त्याला पुढे भोगून द्यावे लागतात. फर्लोचा निर्णय कारागृह विभागाचे अधिकारी घेतात, नेहमीच्या पॅरोलचा विभागीय आयुक्त. म्हणजे पॅरोल हा अडचणीच्या वेळचा दिलासा. माणूस घरापासून आणि गावापासून पुरता तुटू नये, यासाठी असलेली रजा फर्लोच. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ च्या एका निकालात हा फरक मांडला आणि लांब शिक्षेतला एकसुरीपणा तोडणे हा फर्लोचा हेतू सांगितला.

वादाचा सरकारी निर्णय त्याच्या आदल्या वर्षीचा. मुंबईतल्या एका तरुण वकील महिलेच्या खुनात जन्मठेप झालेला सुरक्षारक्षक आईच्या आजारपणासाठी नाशिकच्या कारागृहातून पॅरोलवर गेला आणि परतला नाही. संताप रास्त होता. त्या मुलीच्या घरच्यांवर काय ओढवले असेल, याची कल्पनाही करवत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये नियम कडक झाले. पण घटना पॅरोलची असताना कुऱ्हाड फर्लोवरही पडली. बलात्कारासारख्या काही गुन्ह्यांतल्या बंद्यांना ही रजा सरसकट बंद करण्यात आली, मग कारागृहातली त्यांची वागणूक कशीही असो. २०१८ मध्ये नियम पुन्हा बदलले. गुन्ह्याचे नाव पाहून दार लावणे सोपे असते. पण तोच बंदी शिक्षा संपली की सुटणारच, आणि तेव्हा तो मधल्या काळात एकदाही घर न पाहता सुटणार. ही बाजू त्या चर्चेत फार थोड्यांनी मांडली.

करोनात ८ मे २०२० रोजी तातडीच्या पॅरोलचा नवा पोटनियम आला. आधी ४५ दिवस, मग ३०-३० दिवसांची वाढ. सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांसाठी अट होती, आधीच्या दोन रजांवरून वेळेत परतलेले असणे. ज्याला कधी रजाच मिळाली नव्हती त्याने हे कुठून दाखवावे? प्रश्न उच्च न्यायालयात गेला, तेव्हा अशांना वाट मिळाली. मे २०२२ मध्ये सवलत संपली. रजा पॅरोलची होती, त्यामुळे घरी काढलेले ते दिवस अनेकांच्या शिक्षेत धरलेच गेले नाहीत. तोवर ‘संचित’ आणि ‘अभिवचन’ हा फरक घरच्यांना कुणी समजावून सांगितलाच नव्हता.

सर्वांत मोठा अडसर मात्र जुनाच आहे. फर्लोसाठी घेऊन जायला तयार असलेला नातेवाईक लागतो, आणि तोच जामीनदार राहतो. गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. अर्ज फिरत राहतो, आणि ‘गावात तणाव होईल’ एवढ्या एका ओळीवर परत येतो. ज्याची आई वारली, भावांनी नाव टाकले, त्याचा अर्ज पुढे सरकतच नाही. सुटकेची तयारी सर्वांत जास्त लागते ती अशालाच.

जामीनदाराशिवाय विश्वास टाकता येतो, याचे एक उदाहरण येरवड्यातच आहे. १ मे २०२२ रोजी तिथे ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू झाली. कारागृहातल्या कामाची मजुरी पाहून एका सहकारी बँकेने बंद्यांना ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देऊ केले, ७ टक्के व्याजाने. तारण नको, जामीनदार नको, बंद्याचा स्वतःचा जातमुचलका पुरेसा.