‘बिली एलियट’ परत येतंय: नाचणाऱ्या पोरामागचा संप

‘बिली एलियट’ हे इंग्लंडचं गाजलेलं संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर येतंय. लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमध्ये ते अकरा वर्षं चाललं. ९ एप्रिल २०१६ रोजी तिथे शेवटचा पडदा पडला, तोवर साडेचार हजारांवर प्रयोग झाले होते. खाणकामगाराचं पोरगं मुष्टियुद्ध शिकायला जातं, बॅलेच्या वर्गात ओढलं जातं आणि तिथंच रमतं, एवढी कथा बहुतेकांना माहीत असते. पण या नाटकाची मुळं नाचापेक्षा एका हरलेल्या संपात जास्त खोल गेलेली आहेत. तो संप समजला नाही, तर नाटक गोड वाटतं आणि तिथंच संपतं.

मार्च १९८४. ब्रिटनच्या कोळसा मंडळानं वीस खाणी बंद करायचं जाहीर केलं. वीस हजार नोकऱ्या जाणार होत्या. यॉर्कशरमधल्या कॉर्टनवूड खाणीपासून ठिणगी पडली आणि आर्थर स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांची संघटना संपावर गेली. समोर पंतप्रधान मार्गारेट थॅचर होत्या. दहा वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, अशाच संपानं त्यांच्या पक्षाचं सरकार घालवलं होतं. या वेळी सरकारनं तयारी ठेवली होती. वीज केंद्रांजवळ कोळशाचे ढीग आधीच लावून झाले होते. संप वर्षभर चालला. संपावरच्या घरांना मिळणारी सरकारी मदत कापली गेली, बायकांनी गावोगावी सामुदायिक जेवणाची स्वयंपाकघरं चालवली. १८ जून १९८४ रोजी यॉर्कशरमधल्या ऑरग्रीव्हच्या कोक कारखान्यापाशी घोडेस्वार पोलीस कामगारांवर तुटून पडले. ३ मार्च १९८५ रोजी संघटनेनं काहीही पदरात न पडता संप मागे घेतला आणि दोन दिवसांनी बँड लावून, निशाणं फडकवत कामगार खाणींवर परतले. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेक खाणी बंद झाल्या.

ही तारीखवारी मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. त्यात कोकणातले होते, तसे आपल्याकडचे, घाटावरचेही होते. कोल्हापूर, सातारा, सांगलीच्या कितीतरी घरांतला एक माणूस लालबाग-परळच्या खोलीत राहून गावाकडं पैसे पाठवायचा. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला आणि गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. जयंत पवारांचं ‘अधांतर’ १९९७ साली रंगमंचावर आलं, ते त्याच पडझडीत सापडलेल्या एका घराचं नाटक. बिलीचं घर आणि ‘अधांतर’मधलं घर यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे, पण आतली भांडणं ओळखीची आहेत.

‘बिली एलियट’ आधी चित्रपट म्हणून आला, मग त्याचं नाटक झालं. दोन्हीचा लेखक ली हॉल न्यूकॅसलचा. संप झाला तेव्हा तो ऐन विशीच्या उंबरठ्यावर होता. त्यानं डरहम परगण्यातलं एव्हरिंग्टन नावाचं काल्पनिक गाव रचलं. चित्रपटाचं चित्रण ज्या ईझिंग्टनमध्ये झालं ते मात्र खरं आणि सोसलेलं गाव. १९५१ मध्ये तिथल्या खाणीतल्या स्फोटात ८३ माणसं गेली होती. ऑगस्ट १९८४ मध्ये संप मोडणाऱ्या एकाच माणसाला कामावर आणण्यासाठी पोलिसांचे ताफेच्या ताफे त्या गावात शिरले होते. १९९३ मध्ये तिथली खाण कायमची बंद झाली. म्हणजे दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्री यांनी तिथे कॅमेरा लावला, तेव्हा संपातली माणसं त्याच गल्ल्यांत राहत होती, फक्त खाण उरली नव्हती.

२००० च्या मे महिन्यात हा चित्रपट फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तेव्हा त्याचं नाव ‘डान्सर’ होतं. दोन हजारांवर मुलांमधून निवडलेल्या जेमी बेलनं बिली केला आणि पुढे त्याला बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटनच्या मानाच्या चित्रपट पुरस्कारांतला, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. बॅले शिकवणाऱ्या मिसेस विल्किन्सनच्या भूमिकेत ज्युली वॉल्टर्स होत्या.

चित्रपटातला एक तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बॅलेचा वर्ग नेहमी भरायचा त्या जागेत संपकऱ्यांचं स्वयंपाकघर सुरू झालेलं असतं. म्हणून मिसेस विल्किन्सन आपल्या मुली घेऊन मुष्टियुद्धाच्या हॉलमध्ये येतात. एका टोकाला हातमोजे घातलेली पोरं, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या झग्यातल्या मुली, आणि बापानं दिलेले ५० पेन्स घेऊन आलेला बिली मधे. संप झाला नसता तर त्या दोन गोष्टी एका छताखाली आल्याच नसत्या. संपानं बिलीचं घर मोडलं आणि त्याला नाचही त्या संपानंच दिला. सगळं नाटक या पेचावर उभं आहे.

कोल्हापूरकराला हा हॉल डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेत कुस्त्यांचं मैदान उभं केलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका बाजूला लाल माती आणि शड्डूचा आवाज, दुसऱ्या बाजूला नांदी. महाराजांना दोन्हीचं वेड होतं आणि त्यांनी दोन्हीला सारखाच मान दिला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री नाटकवाल्यांच्या बरोबरीनं पेठांतल्या तालमींचे लोकही हळहळत उभे होते, यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. हे शहर तसंच आहे.

तरीही पोरगं नाचायला लागलं की आपल्या गल्लीतही कपाळाला आठ्या पडतात, हे नाकारता येणार नाही. कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ मध्ये तेच मांडलं. कुस्तीच्या शरीराचा, मोलमजुरी करणारा गुणा तमाशा उभा करतो, नाच्या मिळत नाही म्हणून स्वतःच नाच्या होतो, आणि मग गाव, घर, इज्जत सगळं त्याच्यावर उलटतं. आपल्याकडं पुरुषाच्या नाचाला दोन भाव आहेत. व्ही. शांतारामांनी ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये १९५५ साली गोपीकृष्णांना नायक केलं, तेव्हा कथ्थक नाचणाऱ्या पुरुषाला लोकांनी डोक्यावर घेतलं. फडावरच्या नाच्याला मात्र टाळ्याही मिळतात आणि शिव्याही. बिलीच्या बापाची भीती याच जातीची आहे. मुलगा नाचतो, यापेक्षा गाव काय म्हणेल हे त्याला जास्त खातं. फरक इतकाच की बिलीसमोर लंडनची रॉयल बॅले स्कूल आहे, चाचणी आहे, निवडीचं पत्र आहे. गुणासमोर असं कुठलंच दार नव्हतं. म्हणून ‘नटरंग’ शोकांतिकेकडं जातं आणि बिली विमानासारखा वर उडतो.

चित्रपटाचं नाटक झालं ते गायक-संगीतकार एल्टन जॉन यांच्यामुळे. कानला चित्रपट पाहताना ते हमसून रडले होते, कारण त्यांचं स्वतःच्या वडिलांशी असलेलं नातं असंच अवघड होतं. त्यांनी संगीत दिलं, ली हॉलनं संहितेबरोबर गाणीही लिहिली, दिग्दर्शन पुन्हा डॉल्ड्री यांचंच आणि नृत्यरचना पीटर डार्लिंग यांची. ११ मे २००५ रोजी व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये ते अधिकृतपणे सुरू झालं.

नाटक चित्रपटापेक्षा जास्त राजकीय झालं, आणि माझ्या मते म्हणूनच जास्त चांगलं झालं. सुरुवातच खाणकामगारांच्या समूहगानानं होते. मग येतं ‘सॉलिडॅरिटी’. या एका गाण्यात पोलीस, संपकरी आणि बॅलेच्या मुली एकमेकांत मिसळत नाचतात. रस्त्यावरची झटापट आणि वर्गातला धडा एकाच तालावर चालतात, पोलिसाची टोपी कामगाराच्या डोक्यावर जाते, आणि गाणं संपेस्तोवर संप चिघळलेला असतो, बिलीच्या पायात नाच आलेला असतो. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते आणि रसिक गाण्यात रमतात, त्याचा आनंद वेगळा. इथे गाणंच गोष्ट पुढं ढकलतं. ज्यांना संगीत नाटक लिहायचंय त्यांनी हे गाणं पुन्हा पुन्हा पाहावं.

दुसरं गाणं वारलेल्या आईच्या पत्राचं. अठराव्या वर्षी उघडायचं म्हणून ठेवलेलं पत्र बिलीनं आधीच उघडून पाठ केलेलं असतं. तो ते मिसेस विल्किन्सनला वाचायला देतो. आई, मुलगा आणि बाई असे तीन आवाज त्यात येतात. एरवी शिस्तीच्या आणि तिखट जिभेच्या त्या बाई तिथे गप्प होतात.

आणि मग बाप. पोराच्या चाचणीसाठी पैसे हवेत म्हणून तो संप मोडून कामावर जायला निघतो. ज्यानं ‘संपफोड्या’ हा शब्द सगळ्यात मोठी शिवी मानला, तोच आता त्या रांगेत उभा राहणार असतो. मोठा मुलगा टोनी आडवा येतो. शेवटी कामगार आपापल्या रिकाम्या खिशांतून पैसे काढतात आणि मोठी रक्कम पुढे करतो तो एक संपफोड्याच. ती घ्यायची की नाही, या प्रसंगाला सोपं उत्तर लेखकानं दिलेलं नाही. गाव हरतं, बिली जिंकतो. अखेरीस कामगार डोक्यावर दिवे लावून गात गात खाणीत उतरतात आणि बिली बॅग घेऊन उलट दिशेला निघतो.

या नाटकाचं यंत्र चालवणं अवघड. बिली जवळजवळ पूर्णवेळ मंचावर असतो. बॅले, टॅप (बुटांच्या ठोक्यांवरचा नाच), कोलांट्या, गाणं, अभिनय आणि ईशान्य इंग्लंडची बोली, सगळं त्याला यावं लागतं. कायद्यानं मुलांच्या कामाच्या तासांवर बंधन असल्यानं भूमिका आळीपाळीनं तीन-चार मुलांकडं असते. लंडनच्या पहिल्या संचात जेम्स लोमास, जॉर्ज मॅग्वायर आणि लियाम मोवर हे तिघे होते. लंडनच्या रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार २००६ मध्ये तिघांना मिळून दिला गेला. २००८ मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेलं, तिथे त्याला अमेरिकन रंगभूमीचे दहा टोनी पुरस्कार मिळाले आणि तिथल्याही तीन बिलींनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार वाटून घेतला. ‘स्पायडरमॅन’ म्हणून आज आपल्या पोरांना माहीत असलेला टॉम हॉलंड लंडनमध्ये आधी बिलीचा मित्र मायकेल आणि मग बिली झाला होता. पण आवाज फुटला किंवा उंची वाढली की भूमिका सुटते. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांमध्ये हेच चालायचं. केशवराव भोसले लहानपणी आईबरोबर स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि कोवळ्या वयात ‘शारदा’ म्हणून गाजले. पुढे पोराचे थोर नट झाले, पण किती बालनट आवाज फुटल्यावर मागे पडले असतील, याची नोंद नाटकांच्या इतिहासात फारशी नाही.

नाटक चालू असताना बाहेरचं जग त्यात दोनदा घुसलं. ८ एप्रिल २०१३ रोजी थॅचर वारल्या. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला त्यांची निर्भर्त्सना करणारं एक नाताळगीत आहे. त्या रात्री ते गावं की गाळावं, असा कौल प्रेक्षकांकडून घेतला गेला आणि प्रचंड बहुमतानं गाणं राहिलं. दुसरा प्रसंग २०१८ च्या जूनमधला, बुडापेस्टचा. हे नाटक मुलांना समलिंगी बनवतं, असा आरोप सरकारधार्जिण्या वृत्तपत्रानं केला, तिकीटविक्री घसरली आणि हंगेरीच्या राष्ट्रीय ऑपेरानं पंधरा प्रयोग रद्द केले. नाटकात मायकेल बायकी कपडे घालतो आणि बिलीवर जीव टाकतो, पण बिली त्याला फक्त मित्र मानतो. लेखकानं दोघांचाही मान राखला आहे.

लंडनमध्ये पडदा पडण्याआधी चार महिने, डिसेंबर २०१५ मध्ये, ब्रिटनची शेवटची खोल कोळसाखाण, यॉर्कशरची केलिंग्ली, बंद झाली होती. त्यानंतर नाटकाचा ब्रिटन-आयर्लंड दौरा झाला, २०२२ मध्ये लेस्टरच्या कर्व्ह थिएटरनं निकोलाय फॉस्टर यांच्या दिग्दर्शनाखाली नव्यानं उभं केलं. आता जी मुलं बिली करतील, त्यांच्या आठवणीत चालू खाण असणारच नाही. तालमीत त्यांना टॅपबरोबर संपही शिकवावा लागेल: ‘पिकेट’ (खाणीच्या दारावरचा संपकऱ्यांचा पहारा) म्हणजे काय, निशाणं कशाची, संपफोड्याशी गाव वर्षानुवर्षं का बोलत नाही. बंद पडलेल्या शाहू मिलच्या भिंतीशेजारून शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांनाही भोंग्याचा अर्थ असाच सांगावा लागतो.

कोल्हापुरातून लंडन गाठणं सगळ्यांना जमणारं नाही. पण २८ सप्टेंबर २०१४ चा प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवला गेला होता आणि त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात इलियट हॅना हा बिली आहे आणि अखेरीस पंचवीस आजी-माजी बिली एकत्र मंचावर येतात. आधी चित्रपट पाहावा, मग हा प्रयोग. ‘सॉलिडॅरिटी’ सुरू झालं की मुलींच्या पायांकडं पाहताना मागच्या पोलिसांच्या रांगेकडंही लक्ष ठेवावं.