बाईच्या कॅन्सरचा सरकारी उपचार: खान्देशातल्या कुटुंबांनी कोणते कागद कधी काढायचे

घरातल्या बाईला कॅन्सर निघाला की सगळे पैशाच्या मागे धावतात. पण धुळे, जळगाव, नंदुरबारमधल्या बऱ्याच घरांचं घोडं त्याआधीच अडतं, रेशन कार्डावर. लेकीचं लग्न होऊन आठ-दहा वर्षं झालेली असतात, माहेरच्या कार्डातून नाव निघालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलंच नसतं. किंवा आधारवर माहेरचं आडनाव असतं आणि रेशनवर सासरचं. धान्य मिळतंय तोवर याकडे कोणी बघत नाही. दवाखान्यात मात्र तेच पहिलं विचारतात. म्हणून ही माहिती आजाराची वाट न बघता वाचा, आणि वाचून झाल्यावर कपाटातलं कार्ड काढून बघा.

सासरच्या कार्डात सुनेचं नाव चढवायला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत नमुना ८ चा अर्ज द्यावा लागतो. सोबत तिचं आधार कार्ड, लग्नाचा पुरावा आणि माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला जोडायचा. हा शेवटचा दाखलाच घोळ घालतो, कारण तो माहेरच्या तालुक्यातून आणावा लागतो. आखाजीला लेक माहेरी येते तेव्हा सणाच्या आधी किंवा नंतर एक दिवस त्या कामासाठी काढावा, असं मी प्रत्येक घराला सांगते. आधार आणि रेशनवरचं नाव वेगळं असेल तर आधार केंद्रात लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून आधी आधार दुरुस्त करून घ्या. विवाह नोंदणीच केलेली नसेल तर ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून घ्यावी लागेल. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर रेशन दुकानदाराकडून लिहून घ्या, तो पुढे लागतो.

तपासणीला कागद लागत नाहीत

भारतातल्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो आणि त्याखालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा. दोन्ही लवकर सापडले तर बरे होण्याची शक्यता खूप मोठी असते. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमातून फुकट होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, पुढची तपासणी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. पाचएक मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही, दर पाच वर्षांनी एकदा पुरतं.

तरी बाया जात नाहीत. गाठ दुखत नाही म्हणून थांबतात, अंगावर पांढरं जातं ते अशक्तपणाचं समजतात, पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तरी घरात कोणाला सांगत नाहीत. स्तनातली न दुखणारी गाठ, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं एक जरी असलं तरी पुढच्या तपासणी शिबिराची वाट बघायची नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि त्यावर लस आहे. नऊ ते चौदा या वयात ती सगळ्यात उपयोगी ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस २०२३ पासून बाजारात आहे. आपल्या मुलीसाठी ती सरकारी केंद्रात उपलब्ध आहे का, हे आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना जरूर विचारा.

संशय आला की बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करावी लागते, आणि पुढची सगळी मंजुरी त्या रिपोर्टवर उभी असते. आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या नि:शुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत, तिथे थोडं शुल्क पडू शकतं.

जीवनदायी, म्हणजे आताची फुले योजना

आपल्याकडे लोक अजून 'जीवनदायी'च म्हणतात. २०१२ मध्ये ती योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत धुळे होतं. जळगाव आणि नंदुरबारला ती २०१३ च्या नोव्हेंबरात पोचली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं आणि २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आता पिवळं, केशरी आणि पांढरं, सगळ्या रेशन कार्डांची कुटुंबं तिच्यात येतात आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे. 'आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काही मिळत नाही' असं म्हणून शेती गहाण टाकणारी माणसं अजून भेटतात. त्यांच्यापर्यंत एवढं एक वाक्य तरी पोचवा.

शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिन्ही योजनेत आहेत, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात, आणि त्या रुग्णालयाला जे उपचार मंजूर आहेत तेवढेच. एखाद्या ठिकाणी ऑपरेशन होतं पण रेडिएशनचं मशीन नसतं. म्हणून निघण्याआधी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या टोल फ्री नंबरवर फोन करून आजाराचं नाव सांगा आणि जवळ कुठे काय होतं ते विचारा.

रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघायला तिथे बसणारा माणूस, गाठायचा, पैसे भरायच्या खिडकीवर नंतर. त्याच्याकडे रेशन कार्ड, आधार, बायोप्सी आणि स्कॅनचे रिपोर्ट द्यायचे. तो नोंदणी करतो, डॉक्टर उपचाराचा प्रस्ताव ऑनलाइन पाठवतात आणि मंजुरी आली की उपचार सुरू होतो. 'आधी डिपॉझिट भरा, योजनेचं नंतर बघू' असं कोणी म्हटलं तर तिथूनच हेल्पलाइनला फोन लावा. रोख भरून सुरू केलेले उपचार मागाहून योजनेत बसवणं फार अवघड जातं. जीव धोक्यात असेल तर मात्र फोनवरून तातडीची मंजुरी मिळते, कागद मागून देता येतात.

केमोच्या प्रत्येक सायकलची, म्हणजे औषधाच्या प्रत्येक फेरीची, मंजुरी वेगळी असते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सायकल बहुधा २१ दिवसांनी येते, तेव्हा दर वेळी मूळ रेशन कार्ड बरोबर ठेवा. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बाईला रोज जाऊन-येऊन हे होणार नाही, त्यामुळे राहण्याची सोय पहिल्या दिवशीच ठरवावी लागते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी कार्ड मुकादमाकडे किंवा दुकानदाराकडे ठेवू नये, बरोबर न्यावं.

सुरत की मुंबई?

नंदुरबार, नवापूर, शहाद्याकडच्या माणसाला सुरत जवळ पडते आणि पाय तिकडेच वळतात. पण फुले योजना महाराष्ट्राची आहे. आयुष्मान भारतच्या केंद्रीय यादीतल्या कुटुंबांना देशभर उपचार मिळतात, केवळ राज्याच्या यादीतल्या कुटुंबांनी ते गृहीत धरू नये. आपलं कुटुंब कोणत्या यादीत आहे ते आयुष्मान भारतच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारूनच गाडीत बसा.

रेल्वेची सवलत फार कमी लोक वापरतात, याचं वाईट वाटतं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत. रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते दाखवून तिकीट खिडकीवर काढायचं. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहेच, पण राज्याच्या हद्दीपर्यंत. मुंबईत टाटा रुग्णालयात गेलात तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते; रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून पत्र घेऊन जा.

योजनेत न बसणारा खर्च आला तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन त्याच्या यादीत आहेत. विहित अर्ज, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनचं प्रमाणन हवं. दाखला सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर काढता येतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात अर्ज टाका.

उपचार संपल्यावर

डिस्चार्ज झाला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि फाइल माळ्यावर जाते. तसं करू नका. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यावी लागते आणि बरं वाटतंय म्हणून ती बंद करायची नसते. जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळते का ते विचारा.

काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सूज येऊ शकते. त्या हातात इंजेक्शन घेऊ नये, आणि कापूस वेचताना बोंडाचं टोक लागू नये म्हणून हातमोजा घालावा. हात लाल होऊन तापला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

काम सुटलेल्या बाईसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. त्यात कॅन्सरचा उल्लेख स्पष्ट आहे. १८ ते ६५ वय, राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत, या अटी. महिन्याला दीड हजार रुपये थेट तिच्या खात्यात येतात, म्हणून खातं तिच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं असावं. सिव्हिल सर्जन किंवा वैद्यकीय अधीक्षकांचं आजाराचं प्रमाणपत्र, रहिवासी आणि वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला घेऊन अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूत द्यायचा. पैसे सुरू झाल्यावरही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो; तो चुकला की अनुदान थांबतं.