भीतीला पाय फुटले त्याची गोष्ट

भयपट पाहणारे वेगळे, भयाची कॉमिक्स जमवणारे वेगळे आणि अंगावर येणारं गिटारसंगीत ऐकणारे त्याहून वेगळे, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. इतिहास मात्र ती मानत नाही. पडदा, कागद, ध्वनिमुद्रिका आणि दूरचित्रवाणी या चार घरांत भयाची ये-जा इतकी सतत चालू आहे की एकच घर ओळखणाऱ्याला त्या घरातलंही निम्मं सामान कुठून आलं हे कळत नाही.

बोरिस कार्लोफ या एका नटाचा माग काढला तरी हे दिसतं. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो प्रेतांचे तुकडे शिवून केलेला, एक शब्दही न बोलणारा जीव झाला. सुरुवातीच्या नामावलीत त्या पात्रापुढे नटाच्या नावाऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह होतं. १९६० मध्ये तोच कार्लोफ अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'थ्रिलर' या मालिकेचा सूत्रधार म्हणून घराघरांत येऊ लागला. या मालिकेवरून १९६२ मध्ये कॉमिक निघालं. मालिका त्याच वर्षी संपली, पण कार्लोफच्या नावाचं कॉमिक १९८० पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरही अकरा वर्षं, निघत राहिलं. १९६२ मध्येच बॉबी पिकेट या गायकानं कार्लोफच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत 'मॉन्स्टर मॅश' हे गाणं गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाच्या तीन कथांच्या भयपटात कार्लोफ पुन्हा सूत्रधार होता. इंग्रजीत त्या चित्रपटाचं नाव 'ब्लॅक सॅबाथ'. ते नाव पुढे कुठे पोचलं ते खाली येईलच.

भयपट जन्मला तो मुका. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच चित्रपटकारानं १८९६ मध्येच वटवाघळातून सैतान काढून दाखवला होता. १९२२ च्या 'नोस्फेरातू'मध्ये जिन्यावरून चढणारी नुसती सावली पुरेशी ठरली. गोष्ट परवानगीविना उचलली म्हणून त्या चित्रपटावर 'ड्रॅक्युला' कादंबरीच्या लेखकाच्या पत्नीनं दावा लावला आणि न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती निसटल्या, म्हणून तो आज आपल्याला दिसतो. बोलपट आल्यावर गंमत अशी झाली की १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त नामावलीपुरतं चायकोव्स्कीचं 'स्वान लेक' वाजतं आणि पुढे पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. आजच्या कानांना ती पोकळी आधी जुनाट वाटते, आणि मग दहा मिनिटांत तीच अंगावर यायला लागते. संगीताची सवय लागल्यावर शांतता किती धारदार होते, हे मला त्या चित्रपटानं शिकवलं.

भयाचा सूत्रधार मात्र पडद्यानं घडवला नाही, रेडिओनं घडवला. १९३१ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकी कार्यक्रमात म्हातारी चेटकीण गोष्ट सांगायला बसायची. १९४१ च्या 'इनर सँक्टम'मध्ये दार करकरत उघडायचं आणि आतला माणूस श्रोत्यांचं खट्याळ स्वागत करायचा. या कार्यक्रमांचे दोन चाहते, विल्यम गेन्स आणि अल फेल्डस्टाइन, न्यूयॉर्कमध्ये ईसी कॉमिक्स चालवत होते. १९५० मध्ये त्यांनी 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सह तीन भयनियतकालिकं काढली आणि रेडिओवरचे ते यजमान कागदावर आणून बसवले. तळघराचा राखणदार, तिजोरीचा राखणदार आणि म्हातारी चेटकीण. आवाज नसलेल्या माध्यमात त्यांनी आवाजातली पात्रं आणली आणि ती बोलकी ठरली, हे मला आजही नवल वाटतं.

या कॉमिक्सची मजा समजून घ्यायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चित्रपटाची गती दिग्दर्शकाच्या हातात असते, कॉमिकची वाचकाच्या. पान उलटायचं की नाही हे तोच ठरवतो. ग्रॅहम इंगल्ससारखा चित्रकार ('घास्टली' अशी सही करायचा) पान संपेपर्यंत सडकी, ओघळणारी रेषा ताणत न्यायचा आणि मग पाप्याला त्याच्या पापाच्याच मापाची शिक्षा मिळायची. बायकोला मारणारा नवरा सुटत नसे. मेलेली बायको त्याचा हिशोब करायला परत यायची. वरवर बीभत्स, पण आत कमालीची कडक नीती.

ही नीती मोठ्यांना दिसली नाही. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक आलं. २१ एप्रिल १९५४ रोजी गेन्स बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीसमोर स्वतःहून उभा राहिला. सिनेटर केफॉव्हर यांनी एक मुखपृष्ठ समोर धरलं. पुरुषाच्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं छाटलेलं डोकं. हे सुरुचीला धरून आहे का, या प्रश्नावर गेन्सनं हो म्हटलं, भयकॉमिकच्या मुखपृष्ठासाठी आहे. डोकं आणखी वर धरून मानेतून ठिबकणारं रक्त दाखवलं असतं तर ते अभिरुचीहीन झालं असतं, हेही सांगितलं. कलेच्या दृष्टीनं ते उत्तर खरं होतं. त्या दालनात ते आत्मघातकी ठरलं.

त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' ही नियमावली लादून घेतली. 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द शीर्षकातून हद्दपार. रक्तपिपासू, लांडगामाणूस, नरभक्षण आणि 'चालणारी प्रेतं' (इंग्रजीत 'वॉकिंग डेड') यांवर बंदी. कोडचा शिक्का नसलेली कॉमिक्स वितरक घेईनात. ब्रिटननं तर १९५५ मध्ये अशा कॉमिक्सविरुद्ध कायदाच केला.

पुढे जे झालं ते या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत आवडतं प्रकरण आहे. कागदावरून हाकललेलं भय तीन वर्षांत दिवाणखान्यात शिरलं. १९५७ च्या शरद ऋतूत युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने चित्रपट 'शॉक' या नावानं अमेरिकी दूरचित्रवाणी केंद्रांना विकले गेले. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' त्यात होतेच. केंद्रांनी रात्री उशिरा ते दाखवताना शवपेटीतून उठणारे, थट्टेखोर यजमान नेमले. म्हणजे कॉमिक्समधून गेलेला राखणदार आता काचेमागे बसला. ज्या मुलांना या कथांपासून वाचवायचं होतं, तीच रात्री जागून त्या पाहू लागली. १९५८ मध्ये त्यांच्यासाठी 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक निघालं. त्याच प्रकाशकानं १९६४ मध्ये 'क्रीपी' काढलं, तेही कृष्णधवल आणि मोठ्या आकारात. आकारानं ते मासिक होतं, त्यामुळे कोड त्याला लागू नव्हता. ईसीचे कितीतरी चित्रकार तिथे परतले.

ब्रिटनमध्ये ही वाट उलट दिशेनं गेली. बीबीसीची १९५३ ची 'क्वाटरमास' मालिका हॅमर या छोट्या कंपनीनं १९५५ मध्ये चित्रपट म्हणून केली आणि केवळ प्रौढांसाठीचा 'एक्स' दाखला मिरवायला शीर्षकात मुद्दाम ते अक्षर घातलं. त्या यशानंतरच हॅमर रंगीत भयपटांकडे वळली. जेम्स बर्नार्ड हा संगीतकारही तिथूनच पुढे आला. १९५८ च्या 'ड्रॅक्युला'साठी त्यानं केलेली धून ऐका. ड्रॅ-क्यु-ला, तीन अक्षरं, तीन स्वर. वाद्यवृंद नावानं हाक मारतो.

हिचकॉकनं 'सायको' (१९६०) स्वतःच्या दूरचित्रवाणी मालिकेतले बरेचसे तंत्रज्ञ घेऊन, कमी खर्चात चित्रित केला. न्हाणीघरातल्या प्रसंगाला संगीतच नको, असं त्याचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी ऐकलं नाही. त्यांनी फक्त तंतुवाद्यं घेऊन त्या किंकाळ्या लिहिल्या आणि हिचकॉकनं त्या ठेवल्या. तेव्हापासून भयपट कानांनी पाहण्याची गोष्ट झाली, असं मी मानतो. जपानमध्ये 'क्वाइदान'साठी (१९६४) तोरू ताकेमित्सू या संगीतकारानं याच्या अगदी उलट केलं. लाकूड फुटल्यासारखे आवाज, आणि तेही चित्राशी जुळेनासे केलेले. कान आणि डोळा यांची फारकत झाली की माणूस किती एकटा पडतो, हे तिथे कळतं.

आता कार्लोफचा तो बावाचा चित्रपट. बर्मिंगहॅममधला 'अर्थ' (इंग्रजीतली 'पृथ्वी') नावाचा एक बँड तालमीच्या जागेसमोरच्या चित्रपटगृहात 'ब्लॅक सॅबाथ' लागलेला पाहत होता. घाबरायला लोक पैसे देतात, मग भीती वाटेल असं संगीत का करू नये, या विचारातून त्यांनी ते नाव घेतलं. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी आली. वार शुक्रवार, आणि तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. पहिल्या गाण्यात आधी पाऊस आणि घंटा, मग गिटारवर तीन स्वर. खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचं ते अंतर कुठेच विसावत नाही, म्हणून छाती दडपते. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात तुटली होती. त्यामुळे तो हलक्या तारा वापरायचा आणि पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावायला लागला. हेवी मेटल या गिटारसंगीताचा जडपणा थोडाफार त्या जखमेतूनही आला आहे.

उरलं चालणाऱ्या प्रेतांचं. ईसी कॉमिक्स वाचत वाढलेल्या जॉर्ज रोमेरोनं १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. ऐनवेळी शीर्षक बदललं आणि नव्या शीर्षकासोबत स्वामित्वहक्काची ओळ छापायची राहिली. चित्रपट त्या क्षणी सगळ्यांचा झाला. रोमेरोचं आर्थिक नुकसान मोठं झालं, पण त्याची प्रेतं कुणालाही उचलता आली आणि ती जगभर पसरली. कोडनं १९७१ मध्ये रक्तपिपासूंना आत घेतलं, कारण त्यांना साहित्याची परंपरा होती. झोंबींना, म्हणजे चालणाऱ्या प्रेतांना, तशी परंपरा नाही म्हणून ते बाहेरच राहिले, थेट १९८९ पर्यंत. त्याच वर्षी 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर मालिका होऊन आली आणि तळघराचा राखणदार खदाखदा हसत परतला.

२००३ मध्ये रॉबर्ट कर्कमननं एक कृष्णधवल कॉमिक सुरू केलं. त्याचं नाव होतं 'द वॉकिंग डेड', म्हणजे १९५४ च्या बंदीतले नेमके तेच दोन शब्द. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी त्याची मालिका दूरचित्रवाणीवर आली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, जानेवारी २०११ मध्ये, उरलेल्या शेवटच्या दोन प्रकाशकांनीही कॉमिक्स कोड सोडला.