लॅब्राडोर आणि गोठणारे पाणी

ठाण्याच्या उपवन तलावाकाठी सकाळी आठ वाजताच धापा टाकत सावली शोधणारा लॅब्राडोर पाहिला, की त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठलेल्या समुद्रात कोळ्यांची जाळी आणि दोर ओढत असत, हे खरे वाटत नाही. त्याचा पुरावा मात्र आपल्या सोफ्यावर रोज सांडलेला असतो. या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वरचे राठ व तेलकट केस पाणी अडवतात आणि खालची दाट लव हवा धरून ठेवते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक असल्यामुळे हा हवेचा थर टिकणे, न टिकणे यावरच बर्फाळ पाण्यातील सारा खेळ अवलंबून असतो. पंजांची व्यवस्था वेगळी आहे. तिथे गरम रक्त नेणाऱ्या धमन्यांना गार रक्त परत आणणाऱ्या बारीक शिरांचे जाळे बिलगलेले असते, त्यामुळे उष्णता जमिनीत न जाता शरीराकडे परत वळते; जपानी संशोधकांनी २०११ मध्ये ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली.

उत्तरेकडची तळी गोठू लागली, की उरलेल्या मोकळ्या पाण्यात बदके दाटीने जमतात, म्हणून अमेरिका-कॅनडातील शिकारी नेमक्या याच दिवसांत, पाण्यात पडलेली बदके आणून देणारा लॅब्राडोर सोबत घेऊन, बाहेर पडतात. (आशिया-युरोपच्या उत्तरेतील अशाच गोठण्यापासून दूर निघालेले थापट्या बदक हिवाळ्यात ठाणे खाडीत उतरते, आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.) कुत्र्याची तयारी मात्र उन्हाळ्यातच, उथळ आणि कोमट पाण्यात सुरू होते, कारण पहिल्याच उडीत गारठलेले पिल्लू थंडीला नव्हे, पाण्यालाच भिऊ लागते. पुढे पाणी हळूहळू गार होत जाते, तसा कुत्राही त्याला सरावत जातो. नियोप्रिनचे, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखासारख्या रबराचे, जाकीट अंगाला घट्ट बसलेले हवे. सैल जाकिटात पाणी भरते आणि पोहणाऱ्याला ते ओझेच होते. पातळ बर्फाच्या कडा छातीला व पायांना कापतात, म्हणून जाणकार शिकारी आधी स्वतः बर्फ फोडून वाट करतो आणि बर्फाखाली प्रवाह असेल, तर कुत्र्याला सोडतच नाही.

खरी अडचण कुत्र्याच्या उत्साहाची आहे. तो नकार देत नाही. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते; ते फार उतरले, की कापरे थांबते, आणि अननुभवी मालकाला तो सावरला असे वाटते, वास्तविक तो अधिक धोक्यात असतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर त्याला वाऱ्याच्या आडोशाला, पाण्याबाहेरच्या उंचवट्यावर बसवून कोरडे करतात आणि थोडे खायला देतात.

अशा दिवसानंतर कधीकधी शेपूट मुळाशी थोडी आडवी राहून पुढे दोरीसारखी लोंबते. हाड मोडलेले नसते. शेपटीचे स्नायू दुखावलेले असतात आणि विश्रांतीने ते बहुधा काही दिवसांत बरे होतात. हा विकार गार पाण्याच्या आंघोळीनंतरही दिसू शकतो, त्यामुळे इमारतीच्या टाकीतील पाण्याने जानेवारीत लॅब्राडोरला न्हाऊ घालणाऱ्या ठाणेकराच्या घरीही तो उद्भवू शकतो.