मोशन सीट किती हलावी?

घरी सिम रेसिंगची, म्हणजे संगणकावरच्या गाड्यांच्या शर्यतीची रिग (स्टीअरिंग, पेडल आणि सीट जोडलेला सांगाडा) उभारणारा माणूस साधारणपणे एका ठरलेल्या क्रमाने पुढे जातो. आधी टेबलाला अडकवलेले स्टीअरिंग येते, मग लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) असलेला ब्रेक, मग अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची भक्कम चौकट आणि थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेले डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग. एवढे झाले की हातांना टायरची पकड समजू लागते, पायाला ब्रेकचा दाब समजतो, डोळ्यांसमोर इटलीतील मोंझाच्या ट्रॅकचा सरळ पट्टा ताशी २०० किलोमीटरने मागे पळतो, पण ब्रेक दाबल्यावर धड मात्र सीटमध्ये स्वस्थ बसून राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी मोशन सीट, म्हणजे गेममधल्या गाडीबरोबर मोटरींनी हलणारी सीट, घेतली जाते आणि खऱ्या गाडीत अंगावर येणारा जोर ती जसाच्या तसा देईल, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार ते शक्य नाही. तिला नेमके काय जमते हे कळल्याशिवाय तिच्यावर पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

मोंझाचेच उदाहरण घेऊ. ताशी २०० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर येताना गाडीने १ जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाएवढ्या दराने वेग कमी केला, तर तिला सुमारे ३.४ सेकंद लागतात. चांगल्या टायरांची साधी गाडीही कोरड्या रस्त्यावर जवळपास इतका जोर लावू शकते. फॉर्म्युला वनची गाडी ५ जीच्या आसपास जाते. घरातल्या स्थिर सीटने हाच १ जीचा जोर तेवढाच वेळ द्यायचा ठरवले, तर तिला सुमारे ५७ मीटर मागे जावे लागेल आणि त्या प्रवासाच्या शेवटी तिचा वेग ताशी १२० किलोमीटर झालेला असेल. टोयोटाने २००७ मध्ये जपानमधील सुसोनो येथे जो अवाढव्य सिम्युलेटर जगापुढे आणला, त्यात अख्खी गाडी एका घुमटात ठेवून तो घुमट ३५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद जागेत पळवतात. आपला हा एक साधा ब्रेक तिथेही पुरता मावत नाही.

मग सिम्युलेटर चालतात कसे? याचे उत्तर अंतर्कर्णात आहे. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची नोंद घेतात, तर युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्या सरळ रेषेतल्या त्वरणाची नोंद घेतात. या पिशव्यांमधील मऊ पटलावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते भोवतालच्या द्रवापेक्षा जड असल्यामुळे, डोक्याला अचानक गती मिळाली की मागे रेंगाळतात आणि खालच्या पेशींचे केसांसारखे तंतू वाकवतात. मात्र डोके नुसते मागे कलले तरी हेच स्फटिक गुरुत्वाकर्षणाने तसेच घसरतात, आणि दोन्ही वेळा या पिशव्यांकडून मेंदूला जाणारा निरोप एकच असतो. त्वरणाचा आणि गुरुत्वाचा परिणाम आतल्या आत वेगळा ओळखता येत नाही, हे आइन्स्टाइनने १९०७ मध्ये मांडलेले समतुल्यतेचे तत्त्व इथे शब्दशः लागू पडते. विमानवाहू जहाजावरून रात्री कॅटापल्टने, म्हणजे विमानाला झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्राने, उडणाऱ्या वैमानिकाला विमानाचे नाक फार वर गेल्याचा भास होतो तो याच कारणाने, आणि त्या भासावर विसंबून नाक खाली दाबणे जिवावर बेतू शकते.

सिम्युलेटर बनवणारे अंतर्कर्णाच्या याच मर्यादेचा फायदा घेतात. ब्रेक दाबला की आसन पुढे कलते, वजनाचा काही भाग शरीराला पुढे ओढू लागतो, आणि समोरचे दृश्य क्षितिजाशी समांतर राहिल्यामुळे मेंदू त्या ओढीचा अर्थ वेग कमी होणे असा लावतो. अडचण अशी की १० अंश कललेल्या आसनावर ही ओढ जेमतेम ०.१७ जी असते आणि अर्धा जी हवा असेल तर ३० अंश कलावे लागते. त्यातून आसन भरभर कलले तर अर्धवर्तुळाकार नलिका ते ओळखतात आणि बिंग फुटते. म्हणून व्यावसायिक सिम्युलेटरांमध्ये कलण्याचा वेग सेकंदाला साधारण ३ अंशांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. त्या वेगाने १० अंश गाठेपर्यंत ३ सेकंदांहून अधिक काळ जातो, आणि आपला ब्रेक तर ३.४ सेकंदांत संपलेलाही असतो.

घरच्या रिगचे आकडे याहूनही लहान आहेत. चौकटीच्या चार कोपऱ्यांत प्रत्येकी १०० मिलिमीटर चालीचे अ‍ॅक्च्युएटर (मोटरीने तेवढे वर-खाली सरकणारे दांडे) बसवले आणि पुढच्या व मागच्या जोडीत १.२ मीटर अंतर असेल, तर मधल्या स्थितीपासून रिग पुढे किंवा मागे पाच अंशांहून कमीच कलते, म्हणजे ओढ मिळते ०.०८ जीची. जाहिरातींत दिसणारे जोरजोरात डोलणारे कॉकपिट हे केवळ प्रेक्षकांसाठी असते, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही मोशन सीट निरुपयोगी ठरत नाही, कारण तिचे खरे काम जोराची सुरुवात कळवणे हे आहे. नुसत्या दृश्यावरून आपण हलतो आहोत अशी जाणीव पक्की व्हायला मेंदूला सेकंदभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो, तर अंतर्कर्ण आणि पाठीची त्वचा बदल झाल्या झाल्या कळवतात. मोंझाच्या दुसऱ्या लेस्मो वळणावर याचा प्रत्यय येतो. हे उजवे वळण आहे, आणि त्यातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर जरा घाईने दाबला तर गाडीचा मागचा भाग डावीकडे निसटू लागतो. खऱ्या गाडीत हे आधी कमरेला कळते आणि हात उलटे स्टीअरिंग देऊ लागतात. स्थिर रिगवर पडद्यावरचे चित्र फिरेपर्यंत आणि स्टीअरिंग हलके पडेपर्यंत वाट पाहावी लागते, तेवढ्यात बहुधा उशीर झालेला असतो. सीटचा मागचा भाग त्या क्षणी दोन-तीन सेंटिमीटर जरी बाजूला सरकला, तरी चालकाला हवी ती सूचना मिळते. मात्र पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे एवढेच कलणाऱ्या दोन अक्षांच्या सीटला हे सरकणे जमत नाही. ती बाजूला कलून त्याची नक्कल करते, आणि ती नक्कल कच्चीच असते. मागच्या बाजूला आडवे सरकवणारी वेगळी मोटर म्हणूनच कामाची ठरते.

कर्बचेही तसेच आहे. रंगवलेल्या कडेवरून चाक गेले की काही मिलिमीटरचे झटके पटापट यावे लागतात. तिथे चालीची लांबी गौण असते, वेग महत्त्वाचा असतो. एसएफएक्स-१०० या खुल्या आराखड्यावर अनेकांनी घरी बनवलेल्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये १६ मिलिमीटर जाडीचा आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर पुढे जाणारा बॉलस्क्रू (फिरण्याचे सरळ सरकण्यात रूपांतर करणारा आट्यांचा दांडा) असतो. सर्व्हो मोटर (नेमक्या स्थितीवर थांबवता येणारी मोटर) मिनिटाला ३००० फेरे फिरली तर तो सेकंदाला २५० मिलिमीटर सरकतो. याउलट भंगारातून आणलेल्या वायपर मोटरीच्या गिअरमध्ये थोडी ढिलाई असतेच, त्यामुळे दिशा बदलताना ती आधी ती ढिलाई खाते आणि मग सीट हलवते. झटका पोहोचतो, पण बोथट होऊन. असे असले तरी दोन वायपर मोटरी, स्थिती मोजायला पोटेन्शिओमीटर, एक आर्डुइनो (मोटरींना हुकूम देणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि सीटखाली सांध्यासाठी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, एवढ्या सामानावर कित्येकांनी सुरुवात केली आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे पहिला यशस्वी वैमानिक-प्रशिक्षक बनवला, तेव्हा तो डोलवण्यासाठी वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भातेच वापरले होते.

फक्त सीट हलवायची की पूर्ण चौकट, हा प्रश्न खर्चाचा वाटतो, पण तो पायाचाही आहे. सीट एकटीच हलली तर मोटरींवरचा भार कमी राहतो, मात्र सीट आणि पेडल यांच्यातले अंतर सतत बदलत राहते. लोड सेलच्या ब्रेकवर ५० किलोचा दाब दिला की तेवढाच दाब पाठीमार्फत सीटवर उलटा येतो. अशक्त मोटर तिथे मागे हटते आणि ब्रेकचा नेमकेपणा जातो. ज्याला मिनिटातला दशांश सेकंद वाचवायचा आहे त्याने पूर्ण चौकट हलवावी किंवा सीटची पुढे-मागे होणारी हालचाल अगदी कमी ठेवावी.

गेम आपल्या गाडीची त्वरणे सतत बाहेर पाठवत असतो, सॉफ्टवेअर त्यांचे मोटरीच्या स्थितीत रूपांतर करते. हा निरोप सेकंदाला ६० वेळा येत असेल तर दोन निरोपांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंद जातात, आणि हालचाल गुळगुळीत करणारा प्रत्येक फिल्टर त्यात भर घालतो. उशिरा आलेली हालचाल नसलेल्या हालचालीपेक्षा वाईट, कारण डोळे आणि कान यांच्या साक्षी जुळेनाशा झाल्या की मळमळ सुरू होते. म्हणून सेटिंग करताना सगळे परिणाम बंद करून एकेक चालू करावा, जाणवेल तिथवर वाढवावा आणि मग थोडा मागे घ्यावा. व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, डोके वळेल तसे दृश्य दाखवणारा पडदा) वापरणाऱ्यांपुढे आणखी एक पेच असतो: रिग कलली की हेडसेटला वाटते डोकेच हलले, आणि कॉकपिटचे चित्र नको तिथे सरकते. रिगवर बसवलेल्या ट्रॅकरच्या मदतीने ती हालचाल वजा करणारे सॉफ्टवेअर त्यासाठी वापरावे लागते.

फ्लॅटमध्ये रिग असेल तर अ‍ॅक्च्युएटरखाली जाड रबर हवे, नाहीतर कर्बचे झटके स्लॅबमधून खालच्या घरात पोहोचतात. आणि हाताशी लाल रंगाचे आपत्कालीन बटण हवेच. ते मोटरींचा वीजपुरवठा तोडणारे असावे, कारण संगणक अडकला असताना सॉफ्टवेअरमधल्या बटणाचा उपयोग नसतो आणि चौकटीखाली मुलाचा हात आहे की मांजर, हे सर्व्होला कळत नाही.