पार्श्वभूमी : व्यापाऱ्याची रोजनिशी आणि राष्ट्रीय बँकेचा वाद

फिलिप होन हे न्यूयॉर्कचे लिलावाचे बडे व्यापारी. १८२१ मध्ये धंद्यातून निवृत्त झाले, १८२६ मध्ये शहराचे महापौर झाले आणि १८२८ पासून रोजनिशी लिहू लागले. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर तिच्यात भरपूर राग आहे. तो समजून घ्यायचा तर आधी त्या काळच्या व्यापाऱ्याचा गल्ला पाहायला हवा.

तेव्हा अमेरिकेत राज्यांच्या सनदेवर चालणाऱ्या शेकडो बँका आपापल्या नोटा काढत. दूरच्या बँकेची नोट हातात पडली की दुकानदार छापील पुस्तिका उघडे. कोणती नोट किती बट्ट्याने (छापील किमतीपेक्षा किती कमी धरून) घ्यायची, कोणती खोटी, हे त्यात दिलेले असे. न्यू ऑर्लिन्सला कापूस विकून न्यूयॉर्कच्या पेढीवर काढलेली मुदती हुंडी (ठरल्या मुदतीनंतर पैसे देण्याचा लेखी आदेश) वटवतानाही बट्टा बसेच. 'सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही राष्ट्रीय बँक केंद्र सरकारच्या १८१६ च्या वीस वर्षांच्या सनदेवर आणि साडेतीन कोटी डॉलरच्या भांडवलावर १८१७ मध्ये सुरू झाली. शहरोशहरी शाखा असल्याने तिच्यामुळे हा बट्टा बराच आवाक्यात आला. भांडवलाचा पाचवा हिस्सा सरकारचा, पण १८२३ पासून सूत्रे फिलाडेल्फियात बँकेचे अध्यक्ष निकोलस बिडल यांच्या हाती.

जॅक्सन यांनी १० जुलै १८३२ रोजी सनदेच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला, निवडणूक जिंकली आणि पुढच्या वर्षी या बँकेतल्या सरकारी ठेवी राज्यांच्या बँकांकडे वळवल्या. बिडल यांनी कर्जे आखडली. बाजारात पैशाची चणचण झाली, व्यापाऱ्यांची शिष्टमंडळे वॉशिंग्टनला धावली. जॅक्सन म्हणाले, बिडलकडे जा. खरे तर व्यापाऱ्याला वेठीला धरले ते दोघांनीही.

मात्र सगळे व्यापारी बँकेच्याच बाजूचे होते, असे नाही. देशाची सर्वाधिक जकात न्यूयॉर्क बंदरात जमा होई आणि त्या पैशावर हुकमत फिलाडेल्फियाची. वॉल स्ट्रीटवर हे अनेकांना सलत होते. शिवाय ज्याच्या हुंड्या बँकेत अडकलेल्या, तो चारचौघांत तिच्याविरुद्ध कशाला बोलेल? म्हणून अशा काळात जाहीर अर्जापेक्षा खासगी पत्रे आणि रोजनिश्याच जास्त भरवशाच्या वाटतात.

१८३६ मध्ये सनद संपली. १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले. त्या मंदीत खुद्द होन यांचीही मोठी संपत्ती बुडाली. ते १८५१ मध्ये वारले. देशभर एकसारख्या बँकनोटांची वाट मोकळी करणारा कायदा आला तो १८६३ मध्ये.