रशियन भाषांतरासाठी कागद देताना मूळ मराठी मजकूरही का द्यावा?

आमच्याकडे रशियन भाषांतरासाठी मुख्यतः दोन प्रकारचे कागद येतात. एक, वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या मुलामुलींची पत्रं, दाखले आणि आजारपणाचे कागद. दुसरे, यंत्रांची माहितीपुस्तकं, करार आणि मालाच्या पुरवठ्याचा पत्रव्यवहार. दोन्हीकडचे ग्राहक तेच विचारतात. ‘इंग्रजी मजकूर तयार करून दिलाय, तरी फोन करून एवढं काय विचारता?’ आणि काम हातात पडल्यावर, ‘मोबाइलच्या भाषांतरात क्रियापद वेगळं दिसतंय, तुमचं चुकलं का?’ दोन्हींचं उत्तर रशियन क्रियापदात आहे. ते एकदा नीट सांगावं म्हणून हे पत्रक. (रशियन शब्द मूळ अक्षरांच्या जवळ ठेवून देवनागरीत लिहिले आहेत.)

परीक्षा दिली की पास झाला?

एक पालक मुलाचं पत्र घेऊन आले. इंग्रजीत एक वाक्य होतं, ‘आय गेव्ह द एक्झाम इन मे.’ त्यांनी मोबाइलवर त्याचं रशियनही करून आणलं होतं, आम्ही फक्त शिक्का मारावा एवढीच अपेक्षा. त्यात क्रियापद होतं ‘स्दाल’. आम्ही विचारलं, निकाल लागला का? ते म्हणाले, ‘नाही हो, अजून लागायचाय.’

रशियनमध्ये ‘एक्झामेन स्दाल’ म्हणजे परीक्षा पास झाला. नुसती दिली, निकाल काहीही असो, तर ‘स्दावाल’. मध्ये फक्त एक ‘वा’. तो गळला असता तर मुलाच्या सहीनं विद्यापीठाकडे खोटं विधान गेलं असतं आणि पुढं निकालपत्र मागितल्यावर खुलासे देत बसावं लागलं असतं. शब्दकोश पाहणाराही इथे फसतो, कारण या रशियन क्रियापदाच्या पोटात ‘देणे’च आहे. ‘दिली’ला ‘दिली’ जुळली असं वाटतं आणि अर्थ निघतो ‘उत्तीर्ण’. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दिली आणि ‘नीट’मध्ये पात्र झालो, यांत आपण मराठीत कधी गोंधळ करत नाही. रशियन माणूसही करत नाही. गोंधळ होतो तो मधल्या इंग्रजीत.

क्रियापदांच्या जोड्या

रशियनमध्ये काळ तीनच, भूत, वर्तमान आणि भविष्य. पण बहुतेक क्रियापदं जोडीनं येतात, एक अपूर्ण रूप आणि एक पूर्ण रूप. वाचण्याच्या क्रियेला ‘चिताल’ आणि शेवटपर्यंत वाचून काढण्याला ‘प्रोचिताल’. दोन तास पुस्तक वाचत बसलो तर चिताल, दोन तासांत संपवलं तर प्रोचिताल. पूर्ण रूपाला वर्तमानकाळच नाही. ‘प्रोचितायु’ला प्रत्यय वर्तमानाचे असले तरी अर्थ भविष्याचा, ‘वाचून काढीन’. शाळेतल्या व्याकरणातले अपूर्ण भूतकाळ आणि रीती भूतकाळ हे दोन्ही रशियनच्या एकाच अपूर्ण रूपात बसतात. शिवाय ‘हे पुस्तक कधी वाचलंयस का?’ अशा सहज प्रश्नातही तेच रूप येतं, पुस्तक पूर्ण वाचलेलं असलं तरी.

इंग्रजीची बांधणी वेगळी. ती ‘ॲम’, ‘हॅव’, ‘हॅड’, ‘बीन’ अशी सहायक क्रियापदं रचत जाते आणि काम कोणत्या वेळेपर्यंत चाललं होतं ते सांगते. काम तडीस गेलं का, हे मात्र साध्या भूतकाळात उघड करत नाही. ‘आय रेड द बुक’मध्ये संपवलं की नुसतं वाचत बसलो ते कळत नाही. रशियनला नेमकं तेच आधी ठरवावं लागतं, त्याशिवाय क्रियापद उमटत नाही. आम्ही फोन करतो तो यासाठी.

आणि इथे मराठी रशियनच्या जवळ बसते, इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळ. ‘तो पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ हे मराठीत वर्तमानकाळात, रशियनमध्येही वर्तमानकाळात. इंग्रजीला मात्र ‘हॅज बीन लिव्हिंग’ लागतं. ‘तो म्हणाला की तो पुण्यात राहतो’ यातला ‘राहतो’ रशियनमध्येही जागेवर राहतो, इंग्रजी मात्र साधारणपणे त्याला मागे ढकलते. दारात उभे राहून आपण ‘चला, निघालो मी’ म्हणतो. निघायचं अजून बाकी असतं, तरी क्रियापद भूतकाळी. रशियन माणूसही तसाच दारात उभा राहून ‘या पोशोल’ म्हणतो. वर्षानुवर्षं हे काम करूनही हे साम्य भेटलं की आम्हाला आनंद होतो.

‘हॅड’ची चूक, जिच्यात सगळ्यांत जास्त वेळ जातो

मराठी माणूस इंग्रजी लिहिताना ‘हॅड’ फार वापरतो. ‘माय फ्रेंड हॅड कम.’ इंग्रजीचे शिक्षक त्याखाली लाल रेघ मारतात, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. इंग्रजीत ‘हॅड’ला आधार म्हणून भूतकाळातली दुसरी घटना लागते. पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं? ‘मित्र आला होता.’ म्हणजे आला आणि गेलाही. ‘मित्र आला आहे’ म्हटलं की तो अजून घरात आहे.

हाच फरक रशियन ‘प्रिखोदिल’ आणि ‘प्रिशोल’ या रूपांनी करते. आला होता, गेला, तर प्रिखोदिल. आलाय, बसलाय, तर प्रिशोल. खिडकीचंही तसंच. ‘खिडकी कोणी उघडली?’ विचारलं तर ती आत्ता उघडी आहे, म्हणून ‘ओत्क्रिल’. ‘खिडकी कोणी उघडली होती?’ म्हटलं की बहुधा ती आता बंद आहे, म्हणून ‘ओत्क्रिवाल’. मराठीच्या ‘होता-होती’तून आम्हाला रशियन रूप जवळजवळ आयतं मिळतं.

आता काय होतं पाहा. ग्राहक आधी स्वतः इंग्रजी करतो, त्यात ‘हॅड’ येतो. मग कोणीतरी ते इंग्रजी सुधारून ‘हॅड’ काढतो. आमच्यापर्यंत साधा भूतकाळ पोचतो आणि मूळ ‘होता’ वाटेतच हरवलेला असतो. ‘हॅड’ राहिला तरी तो मराठी ‘आला होता’चा आहे की खरोखर आधी घडलेल्या घटनेचा, हे आम्हाला कागदावरून सांगता येत नाही. रशियनमध्ये त्यासाठी निराळा काळ नाही. मग फोन, मग वाट पाहणं. सकाळी दिलेलं काम संध्याकाळी मिळायचं, ते दुसऱ्या दिवसावर जातं.

मूळ मराठी सोबत असलं तर यातले बरेचसे फोन करावे लागत नाहीत. ‘पैसे भरून टाकले’, ‘अहवाल लिहून काढला’, ‘काम संपवत आणलं’ यांतलं ‘टाकले’, ‘काढला’, ‘आणलं’ आम्हाला हवं तेच सांगतं. इंग्रजीत ते ‘पेड’, ‘रोट’ होऊन सपाट होतं. आणखी एक उपयोग. रशियन भूतकाळ लिंगानुसार बदलतो, पुरुष ‘चिताल’ म्हणेल, बाई ‘चिताला’. इंग्रजी ‘आय वेंट’मध्ये मुलगा की मुलगी ते कळत नाही. मराठी ‘मी गेलो’, ‘मी गेले’ लगेच सांगतं. ‘मी वाचलं’मधून मात्र नाही कळत, तिथे आम्ही विचारूच.

कारखान्यांच्या कागदांविषयी

नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून रशियन तांत्रिक कागद महाराष्ट्राला नवे नाहीत. तरी माहितीपुस्तकांत एक चूक सतत दिसते. इंग्रजी ‘चेक द ऑइल लेव्हल’ म्हणजे यंत्र चालू करण्यापूर्वी एकदा तपासा की रोज तपासत जा? रशियनमध्ये पहिल्याला ‘प्रोवेरित’, दुसऱ्याला ‘प्रोवेर्यात’. मराठीत ‘तपासा’ आणि ‘तपासत जा’ इतका सरळ हा भेद आहे. मनाईच्या सूचना बहुधा अपूर्ण रूपात जातात, म्हणून ‘झाकण उघडा’ आणि ‘झाकण उघडू नका’ यांत ‘उघडणे’साठी दोन वेगळी रूपं दिसली तर ती छपाईची चूक नाही. कृपया ती एकसारखी करून घेऊ नका. ‘विसरू नका’सारखा सावधगिरीचा इशारा पुन्हा पूर्ण रूपात जातो.

करारात तर पैशाचा प्रश्न आहे. पुरवठादार माल ‘पोस्तावित’ करील म्हणजे ठरलेला माल पोचवून देईल. ‘पोस्ताव्ल्यात’ म्हणजे वेळोवेळी पुरवत राहील. इंग्रजी ‘शॅल सप्लाय’ दोन्हींना चालतं.

आजारपणाचे कागद

इथे आम्ही आग्रही आहोत आणि कोणाला राग आला तरी राहणार. ‘लेचिल्स्या’ म्हणजे उपचार घेतले. ‘विलेचिल्स्या’ म्हणजे बरा झाला. क्षयरोगावर उपचार झाल्याचा दाखला असेल आणि डॉक्टरांनी रोग बरा झाल्याचं लिहिलं नसेल, तर आम्ही ‘विलेचिल्स्या’ लिहीत नाही. ‘एवढंसं अक्षर आहे, लिहून टाका’ असं ग्राहक म्हणतात. ते ‘वि’ लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. त्यांच्याकडून तसा दाखला आणा, आम्ही त्याच दिवशी भाषांतर करून देऊ.

आम्हाला काय द्यावं

इंग्रजी मजकूर असेल तर तो द्याच, पण मूळ मराठीही द्या. व्हॉट्सॲपवर सुटं वाक्य पाठवू नका, पूर्ण पान पाठवा. एका वाक्यावरून क्रियापदाचं रूप ठरवणं म्हणजे अंदाज, आणि अंदाजाचे पैसे आम्हाला घ्यायचे नाहीत. मराठीवरून थेट रशियन करण्याचा दर इंग्रजीवरून करण्याइतकाच आहे, जास्त नाही. प्रत्येक काम दुसरा माणूस फक्त क्रियापदांसाठी पुन्हा वाचतो. म्हणून आमच्याकडे मोबाइलपेक्षा वेळ लागतो आणि शेजारच्या दुकानापेक्षा दर थोडा अधिक पडतो. आमच्या भाषांतरातलं एखादं रूप खटकलं तर स्वतः बदलू नका. फोन करा, तेच का घेतलं ते सांगू, आणि आमची चूक असेल तर पान मोफत बदलून देऊ.

मराठी मजकूर टाइप केलेला नसला तरी हरकत नाही. हस्ताक्षरातल्या पानाचा फोटो चालतो, फक्त चारही कडा दिसू द्या आणि खाडाखोड असेल तिथे शेवटी काय कायम ठेवलं ते बाजूला लिहा.